घरातली स्मार्ट उपकरणं: खरेदीआधी स्विचबोर्ड उघडून बघा

प्रश्न थोडक्यात असा आहे: तीन-चार खोल्यांचं घर आहे, भिंती फोडायच्या नाहीत, आणि दिवे, पंखे, गीझर व काही सेन्सर मिळून पंचवीस-तीस उपकरणं बसवायची आहेत. आधी घेतलेले पाच-सहा वायफाय प्लग आणि बल्ब मधूनमधून ‘ऑफलाइन’ दाखवतात. पुढची खरेदी वायफायची करावी, झिगबीची की मॅटरची, आणि बसवायचा क्रम काय ठेवावा? (झिगबी आणि थ्रेड ही अशा उपकरणांची कमी विजेवर चालणारी बिनतारी जाळी; मॅटर ही उपकरणांची सामाईक भाषा.)

आधी उत्तर सांगतो, मग कारणं. दिव्यांचे आणि पंख्यांचे स्विच झिगबीचे किंवा थ्रेडवर चालणारे मॅटरचे घ्या, आणि शक्य तिथे न्यूट्रल, म्हणजे करंटची परतीची तार, जोडावी लागणारेच घ्या. बॅटरीवरचे सेन्सर त्याच जाळ्यावर ठेवा. वायफाय फक्त कॅमेरा, टीव्ही, इन्फ्रारेड रिमोट अशा मोजक्या वस्तूंसाठी राखून ठेवा. आणि हब, म्हणजे सगळ्या उपकरणांना जोडून नियम चालवणारा डबा, असा निवडा की इंटरनेट बंद पडलं तरी घरातले नियम चालू राहतील. मात्र यातलं काहीही मागवण्याआधी एमसीबी पाडून दोन-तीन स्विचबोर्ड उघडून बघा. बहुतेक लोक ॲप आवडलं म्हणून उपकरण घेतात आणि ते आपल्या बोर्डात बसतच नाही हे नंतर कळतं. भिंतीच्या आत काय आहे, त्यावरून निम्मी निवड ठरते.

बोर्डात काय बघायचं

पहिली गोष्ट न्यूट्रल. साध्या स्विचला फक्त फेज, म्हणजे वीज आणणारी तार, येते आणि स्विचमधून दिव्याकडे जाते; न्यूट्रल अनेकदा थेट छतातल्या दिव्याला गेलेली असते. स्मार्ट स्विचच्या आत मात्र एक छोटा रेडिओ चोवीस तास जागा असतो आणि त्याला चालायला फेज आणि न्यूट्रल दोन्ही लागतात. ज्या बोर्डात प्लग पॉइंट आहे तिथे न्यूट्रल नक्की असते. नुसत्या स्विचच्या बोर्डात ती असेलच असं नाही.

न्यूट्रल ओळखायला टेस्टर पुरेसा नाही. टेस्टर लागला नाही म्हणजे ती न्यूट्रल, असं अनुमान चुकतं. ती दिव्याकडे जाणारी, स्विच बंद असल्यामुळे मेलेली तारही असू शकते. मल्टिमीटरने फेज आणि संशयित तार यांच्यात पूर्ण व्होल्टेज मिळतं का ते बघा. तेवढ्यानेही भागत नाही, कारण डिजिटल मल्टिमीटर शेजारून जाणाऱ्या तारेमुळे भुताटकीचं व्होल्टेज दाखवतो. म्हणून त्या दोन तारांवर होल्डरमधला जुना फिलामेंटचा बल्ब लावून बघणं खात्रीचं. पूर्ण उजेड पडला आणि ती अर्थिंगची तार नाही याची खात्री असेल, तर तार कामाची. हे काम चालू लाइनवर होतं, त्यामुळे सवय नसेल तर वायरमनकडूनच करून घ्या.

अजून एक सापळा: सापडलेली न्यूट्रल त्याच सर्किटची असली पाहिजे. शेजारच्या सर्किटची न्यूट्रल उसनी घेतली, तर जाणारा करंट एका आरसीसीबीतून (करंटची गळती झाली की वीज तोडणारा स्विच) आणि परतणारा दुसऱ्यातून जातो. मग दिवा लावला की आरसीसीबी पडतो, आणि दोष स्मार्ट स्विचवर येतो.

न्यूट्रल नसेलच, तर ‘नो-न्यूट्रल’ स्विच मिळतात. ते दिवा बंद असतानाही त्यातूनच अगदी थोडा करंट वाहू देतात आणि त्यावर जगतात. दिवा पाच-सात वॉटचा एलईडी असेल, तर तेवढ्या करंटनेही तो मंद पेटलेला राहतो किंवा लुकलुकतो. उपाय म्हणजे दिव्याच्या टोकांवर समांतर बसवायचा बायपास कपॅसिटर. तो स्विचमध्ये नाही, दिव्याच्या बाजूला बसवायचा असतो. ही चूक फार जण करतात. नो-न्यूट्रल स्विचची दुसरी अडचण जास्त महत्त्वाची आहे: झिगबीत असे स्विच बहुधा दुसऱ्या उपकरणांचे संदेश पुढे पाठवत नाहीत. जाळं मजबूत करायला ते कामाचे नाहीत.

दुसरी गोष्ट जागा. बोर्डामागे लपवायचा रिले मॉड्यूल (संदेश मिळाला की वीज चालू-बंद करणारा छोटा डबा) साधारण चार सेंटिमीटर लांब-रुंद आणि दीड-दोन सेंटिमीटर जाड असतो. जुन्या उथळ डब्यात तारांच्या गुंत्यासह तो मावत नाही. दाबून बसवला तर कनेक्टर ढिले होतात, आणि ढिला जोड म्हणजे उष्णता. शिवाय डबा लोखंडी असेल तर मॉड्यूलचा अँटेना पत्र्यापासून लांब, प्लास्टिकच्या पट्टीच्या बाजूला राहील असा ठेवा. चारही बाजूंनी धातूत कोंडलेला रेडिओ शेजारच्या खोलीपर्यंतही नीट पोचत नाही.

तिसरी गोष्ट लोड. मॉड्यूलवर १० अँपिअर लिहिलेलं असतं ते हीटर किंवा इस्त्रीसारख्या साध्या लोडसाठी. एलईडीच्या ड्रायव्हरमधला कपॅसिटर स्विच लावल्याक्षणी क्षणभर नेहमीच्या कित्येक पट करंट ओढतो. एकाच रिलेवर वीस डाउनलायटर असतील तर बेरीज १०० वॉटचीच दिसते, पण त्या पहिल्या झटक्याने रिलेचे पॉइंट वितळून चिकटतात. ॲप ‘बंद’ म्हणतं आणि दिवे चालूच राहतात. मोटर आणि कॉम्प्रेसर तर त्याहून वाईट, कारण ते बंद करतानाही ठिणगी पाडतात.

गीझरचं गणित करून बघा. २३० व्होल्टवर २,००० वॉटचा गीझर ८.७ अँपिअर घेतो आणि ३,००० वॉटचा १३ अँपिअर. पहिल्याला १० अँपिअरचा मॉड्यूल कागदावर पुरतो, पण अर्धा तास सलग तेवढा करंट बंद डब्यात वाहिला की प्लास्टिक तापून पिवळं पडतं. सलग चालणारा लोड लिहिलेल्या क्षमतेच्या ८० टक्क्यांच्या आत ठेवा, आणि मोटर किंवा एलईडीच्या मोठ्या गटासाठी निम्मीच क्षमता धरा. त्यापुढचा लोड असेल तर स्मार्ट रिलेने फक्त कॉन्टॅक्टरची, म्हणजे जड करंटसाठीच्या मोठ्या चुंबकी स्विचची, कॉइल चालवायची आणि खरा करंट कॉन्टॅक्टरमधून न्यायचा. गीझर, पाण्याची मोटर आणि एसी यांच्या बाबतीत मी यात कधीच सवलत देत नाही.

पंख्यासाठी दिव्याचा डिमर वापरू नका. तो पंख्याला गुणगुणायला लावतो आणि वाइंडिंग तापवतो. पंख्यासाठी कपॅसिटरच्या पायऱ्यांवर वेग बदलणारा मॉड्यूल मिळतो, तो घ्या. जुना रेग्युलेटर मधे तसाच ठेवला तर दोन नियंत्रकांची भांडणं होतात. तो काढून टाका. बीएलडीसी (कमी विजेवर चालणाऱ्या, रिमोटच्या) पंख्याला यांतलं काहीच चालत नाही. त्याचा वेग त्याच्या स्वतःच्या रिमोटवरूनच बदलायचा असतो, म्हणून तिथे इन्फ्रारेड किंवा आरएफ रिमोटची नक्कल करणारं उपकरण लागतं.

स्मार्ट बल्ब की स्मार्ट स्विच

रंग किंवा उजेडाची छटा बदलायची असेल तिथेच स्मार्ट बल्ब. बाकी सगळीकडे स्विच. कारण भिंतीवरचा खटका कुणीतरी बंद करतंच, आणि वीज गेलेला बल्ब जगातल्या कुठल्याही ॲपला उत्तर देत नाही. तो बल्ब झिगबीचा असेल तर त्याच्यामार्फत बोलणारे सेन्सरही त्याच्यासोबत गायब होतात.

स्मार्ट बल्ब आणि स्मार्ट स्विच एकाच जागी हवेच असतील, तर स्विचमध्ये रिले कायम चालू ठेवून खटक्याचा फक्त संदेश पाठवायची सोय आहे का ते बघा. याला डिकपल्ड किंवा डिटॅच्ड मोड म्हणतात. झिगबीत त्यापुढे जाऊन स्विच थेट बल्बशी ‘बाइंड’ करता येतो. मग हब बंद असला तरी खटका चालतो.

घरात येणाऱ्या पाहुण्याला काही न शिकवता दिवा लावता आला पाहिजे. ही कसोटी न उतरणारं उपकरण कितीही हुशार असलं तरी घेऊ नका.

रेडिओची निवड

वायफायची उपकरणं घ्यायला सोपी, हब लागत नाही, आणि पाच-सहा असतील तोवर काही बिघडत नाही. पण प्रत्येक उपकरण राउटरशी स्वतंत्र संबंध ठेवतं आणि एक दुसऱ्याला मदत करत नाही. इंटरनेट कंपनीने दिलेला साधा राउटर पंचवीस-तीस जोडण्यांनंतर अडखळू लागतो. शिवाय वायफायला वीज जास्त लागते, म्हणून बॅटरीवरचे वायफाय सेन्सर टिकत नाहीत. मेन्सवरची, म्हणजे थेट घरच्या विजेवर चालणारी, उपकरणंही सतत जागी असतात, त्यांचाही हिशोब करा: एक वॉट वर्षभर सतत म्हणजे ८.७६ युनिट.

झिगबी आणि थ्रेड दोन्ही आयईईई ८०२.१५.४ या एकाच रेडिओ मानकावर, २.४ गिगाहर्ट्झवर चालतात. दोन्हींत मेन्सवरचं उपकरण आपल्या शेजाऱ्याचा संदेश पुढे नेतं, त्यामुळे उपकरणं वाढली की जाळं सुधारतं. झेड-वेव्ह हे अशाच जाळ्याचं आणखी एक मानक एक गिगाहर्ट्झच्या खाली चालतं, भिंती जास्त सहज ओलांडतं आणि वायफायशी त्याची टक्कर होत नाही. मात्र त्याची फ्रिक्वेन्सी देशागणिक वेगळी आहे: युरोपात ८६८.४२, अमेरिकेत ९०८.४२ मेगाहर्ट्झ. दुसऱ्या भागातून आणलेलं उपकरण तुमच्या हबशी बोलणारच नाही, आणि परवानगी नसलेल्या फ्रिक्वेन्सीवर प्रक्षेपण करणं बेकायदाही आहे.

मॅटरबद्दल सर्वांत जास्त गोंधळ आहे, म्हणून थोडं थांबून सांगतो. मॅटर हा रेडिओ नाही, ती भाषा आहे. तिची पहिली आवृत्ती ऑक्टोबर २०२२मध्ये आली. ती भाषा वायफायवरून, थ्रेडवरून किंवा केबलवरून बोलली जाते; ब्लूटूथ फक्त पहिल्या जोडणीपुरतं. म्हणजे डब्यावर मॅटरचं चिन्ह असलेला प्लग वायफायचाही असू शकतो, आणि तेव्हा वर सांगितलेल्या वायफायच्या सगळ्या मर्यादा त्याला लागू होतात. डब्यावर थ्रेडचं नाव वेगळं लिहिलंय का ते वाचा. थ्रेडचं असेल तर थ्रेडचं जाळं घरच्या नेटवर्कला जोडणारा बॉर्डर राउटर घरात हवा; काही स्मार्ट स्पीकर, हब आणि टीव्ही-बॉक्समध्ये तो असतो. दोन वेगळ्या कंपन्यांचे बॉर्डर राउटर असतील तर ते दोन वेगळी थ्रेड जाळी उभी करू शकतात आणि उपकरणं त्यांत विभागली जातात. सुरुवातीला एकाच कंपनीचा बॉर्डर राउटर ठेवा.

मॅटरचा खरा फायदा असा की एकच उपकरण एकाच वेळी दोन-तीन ॲपना जोडता येतं. पहिल्या ॲपमधून ‘दुसऱ्या ॲपला जोडा’ निवडलं की नवा कोड मिळतो आणि तो काही मिनिटंच चालतो. उपकरण रिसेट करायची गरज नसते.

आज नवं घर सजवणाऱ्याला मी काय सुचवेन? स्विच आणि सेन्सरसाठी झिगबी ३.०. कारण वस्तूंचे प्रकार भरपूर आहेत, बिघाड शोधायची साधनं पक्की आहेत आणि काय चालतं, काय नाही हे बहुतेक सगळं माहीत झालेलं आहे. थ्रेड झपाट्याने सुधारतंय, पण जाळ्यात नेमकं काय अडलंय हे सामान्य माणसाला अजून सहज बघता येत नाही.

हब घरात का हवा

कंपनीच्या सर्व्हरवरच चालणारं उपकरण त्या सर्व्हरइतकंच जगतं. रिव्हॉल्व्ह नावाचा हब मे २०१६मध्ये सर्व्हर बंद केल्यामुळे निकामी झाला. एप्रिल २०२२मध्ये इन्स्टिऑन या स्मार्ट उपकरणांच्या कंपनीचे सर्व्हर पूर्वसूचनेशिवाय बंद पडले आणि लोकांची ॲप एका रात्रीत मुकी झाली. पण ज्यांच्या उपकरणांचं एकमेकांशी थेट बोलणं चालू होतं, त्यांचे दिवे चालत राहिले. हा फरक लक्षात ठेवा.

पर्याय साधे आहेत. हात घालायची तयारी असेल तर छोट्या संगणकावर होम असिस्टंट हे हबचं काम करणारं सॉफ्टवेअर आणि झिगबीचा रेडिओ असलेला यूएसबी डोंगल. तयारी नसेल तर नियम स्वतःमध्ये साठवून चालवणारा तयार हब. विकत घेतल्यावर पहिल्या दिवशीच परीक्षा घ्या: राउटरमधून इंटरनेटची केबल काढा, वायफाय चालू ठेवा, आणि हालचाल सेन्सरवर दिवा लागतो का बघा. लागला नाही तर परत करण्याची मुदत संपण्याआधी परत करा. कॅमेरा आणि आवाजाचे सहायक यांना इंटरनेट लागणार, ते चालेल. दिव्याला लागता कामा नये.

बसवण्याचा क्रम

१. आधी राउटर. २.४ गिगाहर्ट्झचा चॅनल ‘ऑटो’वरून काढून १, ६ किंवा ११ यांपैकी एकावर पक्का करा आणि रुंदी २० मेगाहर्ट्झ ठेवा. रुंदी ४० ठेवली तर झिगबीला फारच थोडी जागा उरते. वायफायच्या पासवर्डची सुरक्षा डब्ल्यूपीए२ किंवा डब्ल्यूपीए२/३ मिश्र. फक्त डब्ल्यूपीए३ ठेवल्यास अनेक स्वस्त उपकरणं जोडलीच जात नाहीत. डीएचसीपीचा, म्हणजे राउटर उपकरणांना आपोआप जे पत्ते देतो त्यांचा, पल्ला बघा. पन्नासच पत्ते ठेवलेले असतील तर वाढवा. ‘क्लायंट आयसोलेशन’ (उपकरणांना एकमेकांपासून तोडणारी सोय) बंद असू द्या आणि आयपीव्ही६ (नव्या पद्धतीचे नेटवर्क पत्ते) चालू. मॅटरची उपकरणं त्याशिवाय एकमेकांना सापडत नाहीत.

२. मग झिगबीचा चॅनल. इथे आकड्यांनी फसू नका: झिगबीचे चॅनल ११ ते २६ असे मोजतात आणि झिगबीचा ११ हा वायफायच्या १खाली येतो. वायफायच्या १ आणि ६मधल्या फटीत झिगबीचा १५ बसतो, ६ आणि ११मधल्या फटीत २०, आणि ११च्या वर २५. राउटर १ किंवा ६वर असेल तर २५ निवडा, ११वर असेल तर १५. २६ टाळा, काही उपकरणं तो चॅनल धरतच नाहीत. हे पहिल्याच दिवशी ठरवा. पुढे चॅनल बदलला तर सगळी उपकरणं त्यामागे येतीलच असं नाही आणि कित्येक पुन्हा जोडत बसावी लागतात.

३. डोंगल संगणकाला थेट खोचू नका. यूएसबी ३चं पोर्ट आणि हार्डडिस्कची केबल २.४ गिगाहर्ट्झवर गोंगाट करतात. त्याने पल्ला निम्म्याखाली येऊ शकतो. एक-दीड मीटरची यूएसबी २ एक्स्टेन्शन केबल लावा आणि डोंगल मोकळ्यावर, राउटरपासून किमान एक मीटर दूर ठेवा. ‘सेन्सर सारखे गळतात’ या तक्रारीवर मी सगळ्यात आधी हीच केबल विचारतो. बऱ्याचदा तिथेच प्रश्न सुटतो.

४. मेन्सवरची उपकरणं हबपासून जवळून लांब अशा क्रमाने जोडा, आणि जोडताना ती कायमच्या जागीच असू द्या. टेबलावर सगळी जोडून मग खोल्यांत नेली तर जाळ्याचा नकाशा चुकीचा बनतो. दर खोलीत निदान एक संदेश पुढे नेणारं उपकरण हवं, दोघांमधलं अंतर पाच ते आठ मीटर, मधे काँक्रीटच्या दोनपेक्षा जास्त भिंती नकोत. फ्रीज, मोठा आरसा, लोखंडी कपाट आणि पाण्याची टाकी यांच्या सावलीत रेडिओ क्षीण होतो. एखादा कोपरा उरलाच तर तिथे एक स्मार्ट प्लग लावा. त्याला काही जोडलेलं नसलं तरी तो रिपीटरचं काम करतो.

५. एक दिवस थांबा. जाळ्याला आपले रस्ते ठरवू द्या.

६. मग बॅटरीवरचे सेन्सर, तेही आपापल्या जागी. काही सेन्सर जोडताना ज्या शेजाऱ्याला धरतात त्यालाच चिकटून राहतात. तो शेजारी काढला की ते मुके होतात आणि पुन्हा जोडावे लागतात. म्हणून त्यांचा नंबर शेवटी.

जोडणीची खिडकी कामापुरतीच उघडी ठेवा. झिगबीत ती एका वेळी जास्तीत जास्त २५४ सेकंद उघडते. ती खिडकी उघडी असताना जाळ्याची किल्ली हवेतून पाठवली जाते आणि अनेक उपकरणांत ती सगळ्यांना ठाऊक असलेल्या एका सामाईक किल्लीनेच झाकलेली असते. उगाच दिवसभर उघडी ठेवायची गोष्ट नाही ती.

वायफायचं उपकरण जोडताना फोन २.४ गिगाहर्ट्झवर आणा, मोबाइल डेटा आणि व्हीपीएन बंद करा, ॲपला लोकेशनची परवानगी द्या. अर्ध्याहून जास्त ‘जोडलं जात नाही’ यातच संपतात. वायफायच्या नावात आणि पासवर्डमध्ये साधी अक्षरं आणि आकडेच ठेवा. पुढे राउटर बदलला तर जुनंच नाव आणि पासवर्ड नव्या राउटरला द्या. सगळी उपकरणं आपोआप परत येतात.

मॅटरच्या उपकरणावर क्यूआर कोड आणि ११ आकडी क्रमांक असतो. भिंतीत बसवण्याआधी त्याचा फोटो काढा आणि कुठल्या खोलीतलं उपकरण ते फोटोसोबत लिहून ठेवा. तो क्रमांक हाताशी नसला की रिसेट केल्यावर उपकरण पुन्हा जोडता येत नाही, आणि तो बघायला बोर्ड उघडावा लागतो.

सेन्सर कुठे आणि कसे

हालचाल ओळखणारा पीआयआर सेन्सर उष्णतेतला बदल बघतो. माणूस त्याच्यासमोरून आडवा गेला तर लगेच पकडतो, सरळ त्याच्याकडे चालत आला तर उशिरा. म्हणून तो दाराच्या समोर लावण्याऐवजी बाजूच्या भिंतीवर, दोन ते सव्वादोन मीटर उंचीवर लावा. एसीचा झोत, उन्हाचा कवडसा आणि स्वयंपाकाची शेगडी त्याच्या नजरेत नको. तो स्थिर बसलेल्या माणसाला ओळखत नाही. वाचत बसलं की दिवा जातो. तिथे मिलीमीटर-वेव्हचा रडार सेन्सर उपयोगी, कारण तो श्वासाची हालचालही पकडतो. पण तो फिरता पंखा आणि हलणारा पडदाही पकडतो आणि पातळ भिंतीपलीकडचा माणूसही. त्याची संवेदनशीलता आणि अंतराची मर्यादा खोलीप्रमाणे बसवावीच लागते, आणि बहुतेक रडार सेन्सरना कायमची वीज लागते.

दाराच्या सेन्सरमध्ये चुंबक आणि मुख्य भाग यांतलं अंतर दार बंद असताना एक सेंटिमीटरच्या आसपास ठेवा. दार लोखंडी असेल तर दोन्हींखाली प्लास्टिकची पट्टी घाला, नाहीतर चुंबकाचा जोर पत्रा खाऊन टाकतो.

बॅटरी कमी झाल्याची सूचना ३० टक्क्यांवर लावा. नाण्यासारख्या बॅटऱ्यांचं व्होल्टेज शेवटपर्यंत टिकतं आणि मग एकदम कोसळतं, त्यामुळे १० टक्क्यांची सूचना येईपर्यंत सेन्सर मेलेला असतो. पुन्हा चार्ज होणाऱ्या एए किंवा एएए सेल १.२ व्होल्टच्या असतात. त्या नव्या भरलेल्या असतानाही उपकरण बॅटरी कमी दाखवतं, आणि दाराच्या कुलुपात तर त्या वापरूच नका.

नियम लिहिताना होणाऱ्या चुका

सर्वांत नेहमीची चूक: ‘हालचाल झाली की दिवा लाव, पाच मिनिटांनी बंद कर’. माणूस आत असतानाच दिवा जातो. नियम असा लिहा: ‘पाच मिनिटं हालचाल नसेल तर बंद कर’. दर हालचालीला मोजणी पुन्हा शून्यापासून सुरू झाली पाहिजे. सेन्सर स्वतःच एकदा कळवल्यावर मिनिटभर गप्प बसतो, म्हणून दोन मिनिटांपेक्षा कमी वेळ देऊ नका.

‘अंधार असेल तरच’ ही अट घातली असेल तर ती फक्त दिवा लावण्यासाठी तपासा. बंद करतानाही उजेड तपासला तर दिवा स्वतःच्याच उजेडाने बंद होतो, अंधार पडतो, पुन्हा लागतो. तसंच आर्द्रता किंवा तापमानावरच्या नियमाला दोन आकडे हवेत. बाथरूमचा एक्झॉस्ट ७० टक्क्यांना चालू आणि ६० टक्क्यांना बंद. एकच आकडा ठेवला तर पंखा दर मिनिटाला चालू-बंद होत राहतो आणि रिले झिजतो.

गीझरला वेळेचं बंधन दोन ठिकाणी घाला: हबमध्ये आणि स्वतः उपकरणातल्या टायमरमध्ये. हब अडकला तरी उपकरण स्वतःहून बंद झालं पाहिजे. अर्थात गीझरचा स्वतःचा थर्मोस्टॅट आणि सुरक्षा व्हॉल्व्ह यांची जागा कुठलंही ऑटोमेशन घेऊ शकत नाही.

वीज गेली आणि आली की उपकरणाने काय करायचं हे प्रत्येकात वेगळं ठरवावं लागतं. बल्बना ‘आधीची स्थिती’, गीझरला आणि मोटरला ‘बंद’. कारखान्यातून बरेच बल्ब ‘चालू’वर येतात आणि मध्यरात्री वीज आली की सगळं घर लख्ख होतं. राउटर आणि हबला छोटा यूपीएस द्या. वीज आल्यावर सगळं पुन्हा जागेवर यायचा वेळ त्याने बराच वाचतो.

आता ती ‘ऑफलाइन’ दिसणारी उपकरणं

राउटरच्या किंवा उपकरणाच्या पानावर सिग्नलचा आकडा बघा. उणे ५० ते उणे ६५ डीबीएम उत्तम, उणे ७०पर्यंत चालतं, उणे ७५च्या पुढे गळती सुरू. आकडा वाईट असेल तर राउटर टीव्हीच्या मागून किंवा कपाटातून बाहेर काढा, उंचावर ठेवा. आकडा चांगला असूनही गळत असेल तर ‘बँड स्टिअरिंग’ बंद करा, म्हणजे राउटर त्या उपकरणांना ५ गिगाहर्ट्झकडे ढकलायचा प्रयत्न करणार नाही. ठरावीक तासांनी गळत असेल तर पत्त्याची मुदत संपताना घोळ होतोय. त्या उपकरणाला डीएचसीपीत कायमचा पत्ता नेमून द्या. सगळी एकाच वेळी गळत असतील तर उपकरणांना दोष देऊ नका, राउटर किंवा कंपनीचा सर्व्हर तपासा.

त्याच बैठकीत सुरक्षेचंही उरकून घ्या: कारखान्याचे पासवर्ड बदला आणि राउटरमधलं यूपीएनपी (उपकरणांसाठी बाहेरून आत यायची वाट आपोआप उघडणारी सोय) बंद करा. २०१६चं मिराई बॉटनेट, म्हणजे हॅकरच्या हुकमावर चालणाऱ्या उपकरणांची फौज, कारखान्याचेच पासवर्ड राहिलेले कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेऊन उभं राहिलं होतं. उपकरणांसाठी वेगळं गेस्ट नेटवर्क करायचं असेल तर हब त्यांना तिथून दिसतो का ते आधी तपासा. मॅटर आणि स्थानिक नियंत्रण बऱ्याचदा तिथेच अडतं.

पहिल्या खेपेत फक्त एक हब, दोन न्यूट्रलचे स्विच, एक प्लग आणि दोन सेन्सर मागवा, आणि ते सगळ्यात अवघड खोलीत, म्हणजे हबपासून लांब आणि जाड भिंतीआड बसवा. दोन आठवडे चालवा. या काळात एकदा इंटरनेट काढून बघा, एकदा मेन स्विच पाडून पुन्हा लावा, एकदा हबच बंद करून भिंतीवरचे खटके चालतात का बघा, आणि गीझरचा मॉड्यूल बसवला असेल तर वीस मिनिटं चालवून, एमसीबी पाडून, लगेच डबा किती तापलाय ते बघा. हात ठेववत नसेल इतका तापला असेल तर तिथे कॉन्टॅक्टर लागणार. बाकीच्या खोल्यांची यादी त्यानंतर करा.